दयेच्या अर्जाची वाट

उमरेडच्या आमच्या घरात राजकारणावरून भांडणं पुष्कळ झाली, पण फाशीची शिक्षा असावी की नसावी यावर कुणी कधी आवाज चढवला नाही. आवाज चढायचा तो फाशी कुणाला यावर. माझे आजोबा, आबाजी, जनसंघाचे. आधी दिव्यावर शिक्का मारला, १९८० नंतर कमळावर. त्यांचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना मोठे आबाजी म्हणायचो, खादीवाले काँग्रेसचे. दोघांची ओसरी एक आणि पानाचा डबा एक, फक्त वर्तमानपत्रं दोन. आजीला कुठलाच पक्ष नव्हता. तिचं माहेर भिसीचं, उमरेडहून चिमूरला जाणाऱ्या रस्त्यावरचं. त्यामुळे १९४२ची गोष्ट आमच्याकडे इतिहासाच्या पुस्तकातून आली नाही, माहेरच्या गाठोड्यातून आली.

१६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. चिमूरला तुकडोजी महाराजांच्या भजनांनी गाव आधीच तापलेलं. प्रभातफेरी निघाली, गोळीबार झाला, सोळा वर्षांचा बालाजी रायपूरकर पडला. त्यानंतर गाव कुणाच्या हातात राहिलं नाही. संतापलेल्या जमावाने उपविभागीय अधिकारी डुंगाजी आणि नायब तहसीलदार सोनवणे यांच्यासह चार सरकारी माणसांना मारलं. त्याच दिवशी तिकडे वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत असाच प्रकार झाला. तिथे आंदोलक गोळीला बळी पडले आणि पोलीसही मारले गेले. मग गोरी फौज चिमुरात शिरली. घराघरातून पुरुष उचलले गेले, आणि मागे राहिलेल्या बायांवर जे गुदरलं त्याविषयी आजी एवढंच बोलायची, "ते नको विचारू, बापू." त्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळींनी सेवाग्रामला त्रेसष्ट दिवस उपास केला.

सांगताना आजी एका ठिकाणी नेहमी थांबायची. "मेलेले साहेब बी कोणाचे तरी होते ना," ती म्हणायची. "सोनवण्याची बायको काय करत असंन?" मोठ्या आबाजींना हा प्रश्न आवडत नसे. हुतात्म्यांच्या गोष्टीत सरकारी नोकराच्या विधवेला जागा नसते. पण कायद्याने शिक्षा मागण्याचा हक्क सगळ्यांत आधी तिचाच होता, आणि माणसं जिवाला जीव का मागतात ते समजून घ्यायचं तर सुरुवात तिच्यापासून करावी लागते.

खटले विशेष न्यायालयांत चालले. चिमूर-आष्टीच्या पुष्कळ जणांना फाशी सुनावली गेली. आमच्या भागाला फाशी नवी नव्हती. १८५७ साली सीताबर्डीच्या किल्ल्यावर नवाब कादर अली आणि त्यांच्या साथीदारांना लटकवलं, त्यांची आठवण नागपूरकर अजून जागवतात. पुढच्याच वर्षी, २१ ऑक्टोबर १८५८ला, चांद्याच्या तुरुंगात गोंड वीर बाबूराव शेडमाके यांना पिंपळाला फाशी दिली. आणि बेचाळीसच्याच लढ्यातला नागपूरचा शंकर महाले १९ जानेवारी १९४३ रोजी नागपूर तुरुंगात फासावर गेला. म्हणजे चिमूरची माणसं कोठडीत होती तेव्हा दोर कुणाला ऐकीव वाटत नव्हता. तो नुकताच वापरलेला होता.

तरी ती माणसं वाचली. कशी वाचली, हा मोठ्या आबाजींचा आवडता विषय. नागपूरच्या अनसूयाबाई काळे या त्यांच्या गोष्टीतल्या नायिका. १९३७ साली मध्यप्रांताच्या विधानसभेच्या उपसभापती झालेल्या या बाईंनी फाशीच्या कैद्यांसाठी रान उठवलं. अर्ज, अपिलं, शिष्टमंडळं, पुन्हा अर्ज. गांधीजींनी सरकारकडे शब्द टाकला. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. एकेकाची फाशी सुटत गेली आणि शेवटी सात जण उरले. ऑगस्ट १९४५मध्ये, महायुद्ध संपत असताना, व्हाइसरॉय वेव्हेलने त्यांचीही फाशी जन्मठेपेत बदलली. घटना घडून तीन वर्षं होत आली होती. "बाईनं बाकी काही नाही केलं, येळ मिळवला," मोठे आबाजी म्हणायचे. "येळ मिळाला, तं दया बी मिळाली."

यावर आबाजी गप्प बसणाऱ्यातले नव्हते. चिमूर काही एकट्या काँग्रेसचं नाही, हा त्यांचा मुद्दा. हिंदुमहासभेचे डॉ. मुंजे चिमूरला जाऊन आले होते आणि तिथल्या अत्याचारांवर जाहीरपणे बोलले होते. संघाच्या लिखाणात तर असं सांगितलं जातं की फाशी सुनावलेल्यांत चिमूर शाखेचे दादा नाईक होते आणि त्यांच्यासाठी पुढे महासभेत गेलेल्या डॉ. ना. भा. खरे यांनी सरकारकडे खटपट केली. आबाजी हे अभिमानाने सांगायचे. श्रेयाचा वाद दोघा भावांत मरेपर्यंत मिटला नाही. पण त्या वादात एक गोष्ट दोघांनाही मान्य होती, ती बोलून दाखवायची कुणाला गरज वाटली नाही. सरकारी माणसांना ठार मारल्याबद्दल कोर्टाने दिलेली फाशीसुद्धा माफ होऊ शकते, व्हावी, आणि त्यासाठी दारोदार फिरावं.

मग १९४९ आलं आणि दोघा भावांचं हे एकमत मोडलं.

गांधीहत्येच्या खटल्यात नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना फाशी झाली. तेव्हा नागपुरात राहणारा एक माणूस त्या शिक्षेच्या विरोधात होता. त्याचं नाव रामदास गांधी, महात्माजींचे तिसरे चिरंजीव. त्यांनी तुरुंगातल्या नथुरामशी पत्रव्यवहार केला, आणि मणिलाल व रामदास या दोघा भावांनी बापाच्या मारेकऱ्यांना फाशी देऊ नये अशी सरकारला विनंती केली. नेहरू, पटेल आणि गव्हर्नर जनरल राजाजी यांनी ती मानली नाही. १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात दोघे फासावर गेले.

मोठ्या आबाजींनी चिमूरच्या अर्जांसाठी वर्गणी गोळा केली होती, असं घरात सांगत. पण अंबाल्याच्या बातमीवर ते म्हणाले, "याहून दुसरं काय होनार होतं?" आबाजींना गांधीहत्या पाप वाटे, ते तसं स्पष्ट म्हणत. पण दयेचा विषय निघाला की त्यांच्या तोंडी रामदासभाई यायचे. "बाप ज्याचा गेला त्यानं माफ केलं, सरकारनं नाही केलं." चार वर्षांपूर्वी जो भाऊ कायद्याला दयेची जोड हवी म्हणत होता तो आता कायद्याच्या बाजूने बोलत होता, आणि एरवी सरकार कणखर हवं म्हणणारा दयेच्या.

त्याच वर्षी, अंबाल्याच्या पाच महिने आधी, ३ जूनला घटना समितीत फाशीच्या अपिलांवर चर्चा चालली होती. सर्वोच्च न्यायालयाला तो अधिकार देण्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करणं आपल्याला अधिक पसंत पडेल, असं डॉ. आंबेडकर तिथे म्हणाले. त्या सूचनेचा पाठपुरावा सत्ताधाऱ्यांनी केला नाही, विरोधकांनीही केला नाही. १९५८ साली राज्यसभेत फाशी रद्द करण्याचा ठराव आणला तो पृथ्वीराज कपूर यांनी, आणि चर्चेनंतर तो मागे घेतला. दोनच वर्षांनी 'मुघल-ए-आझम'मध्ये अनारकलीला मृत्युदंड सुनावणारा अकबर बनून हेच पृथ्वीराज पडद्यावर आले. आमच्या घरच्यांनी तो सिनेमा नागपूरला छोट्या गाडीने जाऊन पाहिला. अकबराचा आवाज सगळ्यांच्या लक्षात राहिला, राज्यसभेतला ठराव कुणालाच माहीत नव्हता. १९६७ साली विधी आयोगाने आपल्या पस्तिसाव्या अहवालात फाशी ठेवावी असा निर्वाळा दिला. १९८०मध्ये बचनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशी घटनेत बसते असं सांगितलं आणि 'दुर्मिळातली दुर्मीळ' ही कसोटी घालून दिली. आजही गाडी तिथेच आहे.

याच १९८० साली भारतीय जनता पक्ष जन्मला. फाशीबद्दल या पक्षाचं मत काय, असं विचारलं तर एका वाक्यात उत्तर मिळतं: दहशतवाद्याला आणि लेकरांवर अत्याचार करणाऱ्याला फाशी, आणि तीही लवकर. या मताला एक सरळ तर्क आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. राज्याचं पहिलं काम कायदा पाळणाऱ्याचं रक्षण, शिक्षा म्हणजे समाजाने मेलेल्याच्या बाजूने उभं राहणं, आणि निकाल लागूनही वर्षानुवर्षं अंमल होत नसेल तर ती मेलेल्याची थट्टा. सोनवण्यांच्या बायकोचा प्रश्न विचारणारी आजी या तर्काच्या फार लांब नव्हती.

संसदेवरच्या हल्ल्यानंतर आबाजींच्या म्हातारपणाला एक विषय मिळाला. अफझल गुरूची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली कायम केली आणि त्याचा दयेचा अर्ज दिल्लीत पडून राहिला. भाजपच्या सभांतून तो प्रश्न सतत विचारला जाई आणि आमच्या ओसरीवर आबाजी तो विचारत. अमरावतीच्या सूनबाई प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या, त्यांनी तीसहून अधिक जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. वऱ्हाडच्या घरातली बाई राष्ट्रपती झाल्याचा आबाजींना आनंद होता, तिच्या सह्यांवर मात्र राग. पुढे प्रणव मुखर्जींच्या काळात कसाबला नोव्हेंबर २०१२मध्ये येरवड्याला आणि अफझलला फेब्रुवारी २०१३मध्ये तिहारला फाशी झाली. त्या वेळी सरकार काँग्रेसचं होतं. संयुक्त राष्ट्रांत फाशी थांबवण्याचे ठराव आले की भारत विरोधात मत देतो, तेही सरकार कुणाचंही असो. महाराष्ट्रात महाविकास आघाडीने आणलेलं शक्ती विधेयक, ज्यात बलात्कारासाठी फाशीची तरतूद होती, डिसेंबर २०२१मध्ये विधानसभेत एकमताने मंजूर झालं. तेव्हा कणखरपणाचा मक्ता एकट्या कमळाकडे आहे असं म्हणता येत नाही.

आणि दोराची मागणी फक्त वरून येते असंही नाही. २००६ साली भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातली चार माणसं मारली गेली, तेव्हा उमरेडातही मोर्चा निघाला, आणि फाशीची मागणी करणारे त्यात सगळ्यात पुढे होते. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८मध्ये सहा जणांना फाशी दिली. २०१०मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती पंचवीस वर्षांच्या जन्मठेपेवर आणली. आमच्या शेजारचे निळ्या झेंड्याचे गुरुजी त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती आणि बाबासाहेबांचं १९४९चं मतही त्यांना ठाऊक होतं. "ते मत बरोबर आहे," ते म्हणाले, "पण आमच्याच वेळेला दया कशी काय आठवते यांना?" या प्रश्नाला उत्तर देणं सोपं नाही. दया सगळ्यांना सारखी मिळत नसेल तर ज्याला ती कधीच मिळाली नाही तो दोरावरच विश्वास ठेवणार.

३० जुलै २०१५ला सकाळी नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात याकूब मेमनला फाशी झाली. नागपूरच्या तुरुंगातली त्याआधीची फाशी १९८४ सालची. राज्याचे मुख्यमंत्री आणि गृहमंत्री नागपूरचेच देवेंद्र फडणवीस. आदल्या रात्री राष्ट्रपतींनी अर्ज फेटाळला, पहाटे तीननंतर सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली आणि दिवस उजाडताना सगळं संपलं. १२ मार्च १९९३च्या मुंबई स्फोटांत २५७ माणसं गेली होती. उमरेडच्या बस स्टँडवर त्या दिवशी एकाच विषयाची चर्चा होती, आणि ती बहुतेक समाधानाची होती.

पण त्या आठवड्यात जे कमी बोललं गेलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. याकूबसाठी राष्ट्रपतींकडे गेलेल्या विनंतीवर सही करणाऱ्यांत भाजपचे खासदार शत्रुघ्न सिन्हा होते. त्याच पक्षाच्या वरुण गांधींनी त्या सुमारास फाशीच्या शिक्षेविरुद्ध लेख लिहिला. पक्षाने ही मतं आपली मानली नाहीत. महिनाभरात न्यायमूर्ती अ. प्र. शहा यांच्या विधी आयोगाने २६२वा अहवाल दिला: दहशतवाद आणि राज्याविरुद्ध युद्ध सोडून बाकी सगळ्या गुन्ह्यांसाठी फाशी रद्द करावी. आयोगात बसलेल्या सरकारी सदस्यांनी त्याला असहमती नोंदवली. कायदा पुढे उलट दिशेने गेला. २०१८ साली बारा वर्षांखालील मुलींवरच्या बलात्कारासाठी फाशी आली, आणि त्याआधीच असं विधेयक मंजूर करणारं राज्य होतं आमच्या सीमेपलीकडचं भाजपशासित मध्य प्रदेश. ब्रिटनमध्ये हुजूर पक्षात फाशीवर मत देताना खासदाराला सदसद्विवेकाची मोकळीक असे. मार्गारेट थॅचर फाशी परत आणण्याच्या बाजूने मत देत, त्यांच्याच पक्षातले कित्येक विरोधात देत, आणि ठराव पडत. आपल्याकडे कुठल्याच पक्षाने अशी मोकळीक दिली नाही.

मोकळीक नसली तरी दया मात्र पक्षांना अधूनमधून आठवते. पंजाबचे मुख्यमंत्री बिअंतसिंग यांच्या हत्येत फाशी झालेला बलवंतसिंग राजोआना. २०१२ साली त्याची फाशी थांबली ती अकाली दल आणि भाजप यांचं सरकार पंजाबात असताना. २०१९मध्ये गुरू नानकांच्या ५५०व्या जयंतीनिमित्त केंद्रातल्या भाजप सरकारने त्याची फाशी जन्मठेपेत बदलण्याचा निर्णय जाहीर केला, आणि थोड्याच दिवसांत अशी माफी दिलेली नाही असं संसदेत सांगितलं. राजीव गांधींच्या मारेकऱ्यांसाठी तमिळनाडूच्या विधानसभेने २०११मध्ये ठराव केला होता, तोही याच जातीचा. आणि १० एप्रिल २०१७ रोजी पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने कुलभूषण जाधव या निवृत्त नौदल अधिकाऱ्याला फाशी सुनावली, तेव्हा सुषमा स्वराज यांनी संसदेत त्याला ठरवून केलेला खून म्हटलं. नागपूरच्या साळवे घराण्यातले हरीश साळवे एक रुपया मानधन घेऊन हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात उभे राहिले. १७ जुलै २०१९ला निकाल आला: शिक्षेचा फेरविचार करा आणि तोवर फाशी थांबवा. सगळा देश त्या दिवशी आनंदला, आणि ते योग्यच झालं. बंद दाराआड, आरोपीला भारतीय वकिलातीची भेट आणि हवा तो वकील मिळू न देता झालेल्या निकालावर जीव घेऊ नये, हा साळवे यांचा युक्तिवाद होता. तो पाकिस्तानच्या बाबतीत खरा असेल तर नागपूरच्या बाबतीतही तपासून पाहायला हवा. आपल्याकडे न्यायालयं उघडी आहेत, पण फाशीच्या कोठडीत पोचणारा गरीब माणूस चांगल्या वकिलापर्यंत किती वेळा पोचतो?

म्हणून माझं मत असं झालंय की फाशीबद्दल पक्षाची भूमिका जाहीरनाम्यात शोधू नये. जाहीरनाम्यात सगळेच कणखर असतात. ती कळते दयेचा अर्ज समोर आल्यावर. १ जुलै २०२४पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्या ४७२व्या कलमात या अर्जालाच घड्याळ लावलं आहे. तुरुंग अधीक्षकाने कळवल्यापासून तीस दिवसांत अर्ज करायचा, राज्याचा अभिप्राय मिळाल्यावर केंद्राने साठ दिवसांत राष्ट्रपतींकडे शिफारस पाठवायची, आणि राष्ट्रपतींच्या निर्णयावर कुठल्याही न्यायालयात अपील नाही. दिल्लीच्या निर्भया प्रकरणात एकेक आरोपी वेगवेगळे अर्ज करून तारीख पुढे ढकलत होता आणि मुलीची आई प्रत्येक तारखेला कोर्टात बसत होती, हे देशाने पाहिलं. त्या संतापातून हे कलम समजून घेता येतं. फाशीच्या छायेत वर्षानुवर्षं ठेवणं हीच यातना आहे, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०१४मध्ये सांगितलं आणि पंधरा जणांची शिक्षा बदलली. फाइलने तुंबून राहू नये, हे खरंच.

पण फाइल हलणं वेगळं आणि माणसाला दाद मागायला वेळ मिळणं वेगळं. चिमूरच्या शेवटच्या सात जणांचं काय झालं असतं, जर त्यांच्यापुढे तीस दिवस असते? तीस दिवसांत अनसूयाबाईंची शिष्टमंडळं निघाली नसती, लंडनहून कागद आले नसते, युद्ध तर संपलं नसतंच. त्या वेळी सरकार परकं होतं, आज आपलं आहे, हा फरक मोठा आहे आणि तो मला मान्य आहे. पण चूक आपल्या सरकारच्या कोर्टातही होते, आणि दोर एकदा ओढल्यावर कुणाचंच सरकार ती दुरुस्त करू शकत नाही. जो विचारप्रवाह चिमूरच्या फाशीच्या कोठडीत आपलाही माणूस होता असं अभिमानाने सांगतो, त्याला तरी या वेळेचं मोल दुसऱ्या कुणी शिकवायची गरज पडू नये.

आबाजी आणि मोठे आबाजी यांच्यातलं कोण बरोबर होतं हे मी ठरवत बसलो नाही. दोघांनीही आयुष्यात एकदा दया मागितली आणि एकदा नाकारली, आणि दोन्ही वेळेला माणूस कोणत्या बाजूचा आहे हे पाहूनच. दोघेही साधे मतदार होते, त्यांच्या हाती सही नव्हती. ज्यांच्या हाती ती आहे त्यांना ही सूट नाही. उद्या उमरेडला सभा घेऊन कुणी फाशीच्या घोषणेवर मतं मागितली, मग झेंडा कोणताही असो, तर मी त्याला एवढंच विचारेन: आजवर तुम्ही कुणाच्या दयेच्या अर्जावर सही केली, आणि तो माणूस तुमच्या विरोधातला होता का?